'परखड' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

आयर्लंडवरच्या माझ्या लेखाखाली 'परखड' या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया आधी जशीच्या तशी देते: "मॅडम, 'शपथेच्या चार ओळींपायी भाऊ भावाच्या जिवावर उठला' हे पर्यटकी वाचन आहे. भांडण फाळणीचं होतं. आठ दिवस गिनेस पिऊन इतिहास कळत नसतो. कराराची तारीखही चुकली आहे. फ्री स्टेटने दिलेल्या ७७ फाशींबद्दल एक अक्षर नाही, डी व्हॅलेरा मात्र खलनायक."

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: करार म्हणजे १९२१ चा ब्रिटन-आयर्लंड करार. त्यातून दक्षिणेत 'फ्री स्टेट' हे ब्रिटिश साम्राज्यातलंच राज्य आलं, तिथल्या लोकप्रतिनिधींना राजाची शपथ घ्यावी लागणार होती, आणि त्यावरून करारवाले व डी व्हॅलेरासारखे विरोधक यांच्यात यादवी पेटली. फाळणी म्हणजे उत्तरेचे सहा परगणे वेगळे होणं.

तारीख चुकली, मान्य. मी ५ डिसेंबर १९२१ लिहिलं होतं. लंडनमधली बैठक ५ तारखेची, पण सह्या होईपर्यंत रात्रीचे दोन वाजून गेले होते, म्हणजे ६ डिसेंबर. दुरुस्त केलं आहे, आभार. एवढंच आणि नीट शब्दांत सांगितलं असतंत, तर हे उत्तर इथेच संपलं असतं.

पण 'पर्यटकी'? परखड साहेब, मी कॉर्कमध्ये पाच वर्षं नोकरी केली आहे. भाड्याच्या खोलीत राहिले, तिथल्या पावसात सायकल मारली, घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात बसून तासन्‌तास ऐकलं. त्यांचे आजोबा आणि आजोबांचे सख्खे भाऊ, शेताला शेत लागून. एक कराराच्या बाजूचा, दुसरा विरोधातला. यादवी १९२३ च्या मे महिन्यात थांबली. हे दोघे मरेपर्यंत बोलले नाहीत. एकाची गाय बांध ओलांडून गेली की दुसरा ती पोराच्या हाती परत पाठवायचा, निरोप न देता. "उत्तरेच्या सहा परगण्यांवरून का हो?" असं मी विचारलं तेव्हा बाई हसल्या. म्हणाल्या, आजोबांनी बेलफास्ट कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

एका घरावरून इतिहास ठरत नाही, असं म्हणाल. ठीक, मग कागद पाहू. बेलफास्टच्या वेगळ्या पार्लमेंटचं उद्घाटन पंचम जॉर्जने जून १९२१ मध्ये केलं. आयरिश बंडखोर आणि इंग्रज यांच्यातला युद्धविराम ११ जुलैचा. म्हणजे आयरिश बाजूचे कॉलिन्स आणि ग्रिफिथ लंडनला बोलणी करायला बसले, तेव्हा फाळणी होऊन चुकली होती. त्यांनी पदरात पाडून घेतला तो उत्तर-दक्षिण सीमा ठरवणारा आयोग, आणि तोही १९२५ मध्ये फुसका निघाला. (मी मूळची बेळगावची. आयोग बसवून सीमा कशी सुटत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.) डॉइलमध्ये, म्हणजे त्यांच्या लोकसभेत, करारावर डिसेंबरपासून ७ जानेवारी १९२२ पर्यंत कडाक्याची चर्चा झाली आणि ६४ विरुद्ध ५७ मतांनी करार तरला. त्या चर्चेत फाळणीवर बोलणारे, बेलफास्टचा शॉन मॅकएन्टी धरून, थोडेच. बाकी सगळा गदारोळ राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची की नाही, प्रजासत्ताक सोडायचं की नाही, यावर. खुद्द डी व्हॅलेराने जो पर्यायी मसुदा मांडला, त्यात उत्तरेबद्दलची कलमं जवळपास करारातलीच होती! वाद फाळणीचा होता तर मग ती का नाही बदलली त्याने? उंटावरून शेळ्या हाकण्याआधी तो मसुदा वाचायला काय हरकत होती?

आणि 'भाऊ भावाच्या जिवावर' हे माझ्या भावुकतेतून आलेलं नाही. कॉर्क परगण्यातले हेल्स बंधू. दोघेही इंग्रजांशी लढलेले, दोघेही कॉलिन्सचे जवळचे. शॉन कराराच्या बाजूने गेला, टॉम विरोधात. २२ ऑगस्ट १९२२ ला बेल ना ब्लाहच्या रस्त्यावर कॉलिन्स मारला गेला, तिथे दबा धरून बसलेल्या तुकडीचं नेतृत्व याच टॉमकडे होतं. ७ डिसेंबरला डब्लिनमध्ये शॉनला करारविरोधकांनी गोळ्या घातल्या. दुसऱ्या सकाळी सरकारने सूड म्हणून चार कैदी उभे करून मारले. त्यातल्या रोरी ओ'कॉनरला मारण्याच्या निर्णयात सामील असलेला मंत्री केव्हिन ओ'हिगिन्स. वर्षभरापूर्वी याच ओ'हिगिन्सच्या लग्नात ओ'कॉनर त्याचा करवला म्हणून शेजारी उभा होता. हे सगळं मी आठ दिवसांच्या सहलीत गोळा केलं, असं खरंच वाटतं तुम्हाला?

७७ फाशींचं म्हणाल, तर त्या फाशी नव्हेत. बंदूकधाऱ्यांच्या तुकडीने गोळ्या घालून मारलं. दुसऱ्याची तारीख तपासणाऱ्याने निदान शब्द तरी तपासावेत. त्या विषयावर स्वतंत्र लेख लिहायचा आहे, तेव्हा बोलू. आणि डी व्हॅलेराला मी खलनायक कुठेही म्हटलेलं नाही. ज्या शपथेपायी एवढं रक्त सांडलं, तीच त्याने १९२७ मध्ये 'नुसती औपचारिकता' म्हणत सही करून पार पाडली आणि डॉइलमध्ये जाऊन बसला, एवढंच लिहिलं होतं. वाचून राग आला असेल तर तो माझ्यावर काढू नका.

आणखी एक. 'आपल्याला काय करायचंय आयर्लंडशी' असा सूर तुमच्या आधीच्या दोन प्रतिक्रियांतही होता. टिळकांनी 'होमरूल' हा शब्द उचलला तो तिथूनच. आमच्या बेळगावात २८ एप्रिल १९१६ ला होमरूल लीग स्थापन झाली, त्याच शुक्रवारी डब्लिनचं जनरल पोस्ट ऑफिस आगीत सापडलं होतं आणि इंग्रजांविरुद्ध ईस्टरचं बंड पुकारलेले बंडवाले तिथून बाहेर पडत होते. हे मला लहानपणी वडिलांनी सांगितलं. तुम्हाला कुणी सांगितलं नसेल, तर तो माझा दोष नाही.

राहता राहिलं गिनेस. कॉर्कमध्ये ती डब्लिनवाल्यांची बिअर. तिथे मर्फीज पितात, नाहीतर बीमिश. मी चहा प्यायचे.