फुकटचा वर्ग, तासगावचा बेदाणा आणि तुमचे आक्षेप

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रोखठोक आहे आणि मनापासून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आभार मानून विषय संपवणं मला पटत नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वाय कॉम्बिनेटरच्या 'स्टार्टअप स्कूल' या ऑनलाइन वर्गाबद्दल मी मागे लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं: हा अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांनी टाकलेला गळ आहे. व्याख्यानं यूट्यूबवर पडलेली असताना वर्गात नाव घालण्याचं कारण नाही. गटचर्चेत सगळेच नवखे, म्हणजे आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवायची. आणि सिलिकॉन व्हॅलीतलं शहाणपण इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याला लागू पडत नाही. शेवटी तुम्ही विचारलंत की तुमच्या धाकट्या भावाने अशाच एका, पण पैसे घेणाऱ्या, कार्यक्रमात साठ हजार रुपये भरावेत का.

गळाचं आधी बोलतो, कारण त्यात वाद फारसा नाही. वाय कॉम्बिनेटर ही २००५ साली सुरू झालेली गुंतवणूक करणारी संस्था आहे. ज्या कंपन्या ती आपल्या मुख्य कार्यक्रमात घेते त्यांना पाच लाख डॉलर देते. त्यातल्या सव्वा लाखाच्या बदल्यात ७ टक्के वाटा घेते, उरलेल्या रकमेचा वाटा पुढच्या गुंतवणुकीच्या वेळी ठरतो. २०१४ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातली व्याख्यानमाला सगळ्यांसाठी खुली केली, २०१७ मध्ये ऑनलाइन वर्ग काढला आणि त्यात पहिल्याच वर्षी तीन हजारांच्या आसपास कंपन्या आल्या. यातून चांगले लोक आपल्या नजरेस पडावेत असं त्यांना वाटतं, आणि हे ते लपवत नाहीत. पण वर्गासाठी ना शुल्क आहे, ना तुमच्या कंपनीतला एक टक्का वाटा. वर्गात बसलेल्यांपैकी बहुतेकांचा त्या मुख्य कार्यक्रमाशी पुढे कधीही संबंध येत नाही. त्यांचा स्वार्थ त्यांच्यापाशी. आपला वेळ सत्कारणी लागतो की नाही, एवढं आपण बघायचं.

व्याख्यानांच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. नुसती ऐकायची असतील तर वर्गात नाव घालू नये, जेवताना ऐकावीत. या वर्गाचा कणा दुसरीकडेच आहे. तो आहे दर आठवड्याला भरायचा एक छोटा तक्ता. या आठवड्यात किती वापरकर्त्यांशी बोललात? त्यांच्याकडून काय कळलं? तुमचा मुख्य आकडा कोणता आणि तो आज किती आहे? सगळ्यात मोठी अडचण कोणती? मनाची उभारी दहापैकी किती? पुढच्या आठवड्यात काय करणार?

वाचताना हे शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं वाटतं, हे मला मान्य आहे. पण धंदा सुरू करणारा माणूस आठवडाभर प्रचंड राबूनही यातला पहिला रकाना रिकामा ठेवू शकतो. वर्गातले काही जण मिळून एक छोटा गट व्हायचा आणि कॉलवर आपापला तक्ता एकमेकांना सांगायचा. आमच्या गटात नायजेरियातल्या लागोसची एक संस्थापक होती, औषधदुकानांसाठी साठ्याची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर करणारी. हुशार, कष्टाळू. तिच्या तक्त्यात 'काय केलं' हा भाग भरगच्च असायचा आणि 'किती जणांशी बोललात' इथे शून्य. तिला कुणी एका शब्दाने बोललं नाही. फक्त ते शून्य आम्हा सगळ्यांसमोर तिला स्वतःच्या तोंडाने उच्चारावं लागायचं. पुढे तिने सकाळचा वेळ दुकानांत उभं राहण्यासाठी राखून ठेवला आणि तिचं सॉफ्टवेअरच बदललं, कारण दुकानदारांची खरी डोकेदुखी मुदत संपत आलेली औषधं होती. यूट्यूब हे करत नाही. यूट्यूबला तुमच्या शून्याशी देणंघेणं नाही.

आता आंधळ्यांचा मुद्दा. हाच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

मी काय करतो ते इथल्या जुन्या वाचकांना माहीत आहे: तासगाव-सांगली भागातल्या शीतगृहांसाठी बेदाण्याच्या साठ्याचा हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर. कुणाच्या किती पेट्या, कुठल्या खोलीत, कुठल्या तारखेला आल्या, कुणाच्या नावावर बाहेर गेल्या. आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास बेदाण्याचे सौदे काही आठवडे बंद ठेवतात आणि त्या काळात मागची सगळी येणी-देणी मिटवतात. त्याला सगळे 'झिरो पेमेंट' म्हणतात. अडत्या, खरेदीदार, शेतकरी, सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलंय की कुणी त्याबद्दल वेगळा विचार करत नाही. त्या दिवसांत आवक-जावक मंदावते, म्हणून माझा आकडाही खाली आला होता. गटात मी तसंच सांगितलं: बाजार बंद आहे, महिनाभर काही होणार नाही.

तेव्हा त्याच लागोसच्या संस्थापकाने विचारलं, "बाजार बंद असतो तेव्हा तुझे ग्राहक दिवसभर काय करतात?"

तासगावात हा प्रश्न कुणीही विचारला नसता, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. ते वह्या काढून बसतात. कोणाकडून किती यायचे, कोणाला किती द्यायचे, कुठली पेटी कुठल्या बिलातली, यावर दिवसच्या दिवस फोन चालतात. म्हणजे ज्या महिन्यात माझं सॉफ्टवेअर बंद पडल्यासारखं होतं, त्याच महिन्यात ग्राहकाचा हिशोब सगळ्यात जास्त चालतो. शीतगृहाच्या नोंदी आणि अडत दुकानाचं खातं एकमेकांशी ताडून दाखवणारा भाग आम्ही त्यानंतर बांधला. आज नवं शीतगृह आमच्याकडे येतं ते बहुतेक वेळा त्यासाठी.

तिला बेदाण्यातलं काहीही कळत नव्हतं. म्हणूनच तिला तो प्रश्न सुचला. आपल्याकडच्या तालमीत वस्तादाचा शब्द मोलाचा असतोच, पण रोजचा घाम जोडीदारच काढतो, आणि जोडीदार आपल्याच वयाचा, आपल्याच दमाचा असतो. २०१८ साली या वर्गासाठी अर्ज केलेल्या सगळ्यांनाच चुकून प्रवेशाचे ईमेल गेले आणि शेवटी संस्थेने त्या सगळ्या, सुमारे १५,००० कंपन्यांना आत घेतलं. एवढ्या लोकांना अनुभवी मार्गदर्शक कुठून पुरणार? अशा आकाराचा वर्ग उभा राहतो तो एकमेकांना प्रश्न विचारणाऱ्या लहान गटांवर, आणि माझ्या मते ते बरंच झालं.

सिलिकॉन व्हॅलीचं शहाणपण आपल्याला लागू पडतं का, याचंही एक उदाहरण देतो. या वर्गात एरिक मिजिकॉव्स्की यांचं एक व्याख्यान आहे, ग्राहकाशी कसं बोलावं यावर. हे 'पेबल' या स्मार्ट घड्याळाच्या कंपनीचे संस्थापक. २०१२ मध्ये किकस्टार्टर या लोकांकडून आगाऊ पैसे जमवणाऱ्या संकेतस्थळावर त्या घड्याळासाठी एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम जमली होती. ते सांगतात की आपल्या कल्पनेबद्दल बोलूच नका, समोरच्याच्या आयुष्याबद्दल विचारा. या कामात सगळ्यात अवघड काय जातं? ती अडचण शेवटची कधी आली, ते सांगा. ती अवघड का वाटली? त्यावर आजवर काय करून पाहिलंत? आणि त्या उपायात काय खटकतं?

माझ्या मते हे प्रश्न अमेरिकेपेक्षा आपल्याकडे जास्त लागतात. आपल्याकडे दारात आलेल्या माणसाचं मन कुणी मोडत नाही. अडत्याला जाऊन विचारा, "असं सॉफ्टवेअर केलं तर वापराल का?" तो चहा मागवेल आणि म्हणेल, "वापरू की, करा तुम्ही, चांगलं काम आहे." त्या 'वापरू की'वर विसंबून किती पोरांनी वर्ष-दोन वर्षं घातली आहेत ते मी पाहिलंय, आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्याच अडत्याला विचारा, "पेट्यांचा घोळ शेवटचा कधी झाला होता?" मग तो खुर्ची पुढे ओढतो. पावती क्रमांक चुकल्याने एकाचा माल दुसऱ्याच्या नावावर कसा बाहेर गेला, कोण रात्री घरी येऊन भांडलं, शेवटी भरपाई कुणी दिली, सगळं सांगतो.

मार्गदर्शक उलटसुलट सल्ले देतात, असं तुम्ही जाता जाता लिहिलंत, त्याच्याशी मात्र मी पूर्ण सहमत आहे. अर्ध्या तासाच्या कॉलवर भेटलेला माणूस आज म्हणतो किंमत वाढव, पुढच्या आठवड्यातला दुसरा म्हणतो फुकट दे. दोघंही आपापल्या धंद्याच्या आठवणीतून बोलत असतात. स्वतः कधी कुणाला पगार न दिलेले लोकही मार्गदर्शक म्हणून बसतात, आणि नवख्या संस्थापकाला त्यांना नकार देता येत नाही. यावर मला एकच उपाय सापडलाय: मार्गदर्शकाकडे 'काय करू?' असं विचारत जायचंच नाही. 'सहा शीतगृहांनी मला हे सांगितलं, त्यातल्या दोघांचं म्हणणं उलट आहे, तुमच्या वेळी असं झालं तेव्हा तुम्ही काय बघितलंत?' असं विचारायचं. मग चांगला मार्गदर्शक खुलतो, आणि नुसता बोलणारा आपोआप गप्प होतो.

खरं तर या वर्गातल्या दोन अडचणींचा तुमच्या प्रतिक्रियेत उल्लेख नाही, आणि मला त्या जास्त टोचतात. पहिली वेळेची. उन्हाळ्याच्या वेळापत्रकात कॅलिफोर्नियातले सकाळचे ११ म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. आमच्या वेळी गट निवडताना नीट पाहिलं नाही तर मध्यरात्रीचे कॉल वाट्याला यायचे. ज्या बाईच्या घरात पहाटे पाचला दिवस सुरू होतो, तिने कितीदा जागायचं? दुसरी भाषेची. तालुक्याच्या गावातला उत्तम धंदा करणारा मुलगा त्या कॉलवर इंग्रजी जुळवण्यात वेळ घालवतो, आणि त्याला जे अचूक कळलेलं असतं ते निम्मंच बाहेर येतं. लोकांना वाटतं याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही. म्हणून आम्ही सांगली-कोल्हापूरकडच्या काही जणांनी तोच साप्ताहिक तक्ता मराठीत करून आपला गट सुरू केला. दर गुरुवारी संध्याकाळी सातला, तासभर. तिथे तोच मुलगा सगळ्यांना गप्प करतो.

आता तुमच्या भावाचं. मागाचे सुटे भाग मागवता येतील असं ॲप त्याच्या डोक्यात आहे, असं तुम्ही लिहिलंत. साठ हजार भरण्याआधी त्याने त्या कार्यक्रमवाल्यांना काही गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी कार्यक्रम पूर्ण केलेल्या दोन संस्थापकांशी, त्यांनी निवडलेल्या नव्हे तर यादीतून तुमच्या भावाने निवडलेल्या, फोनवर बोलता येईल का? त्याला मार्गदर्शक म्हणून नेमकं कोण मिळणार आणि त्याने स्वतः कोणता धंदा चालवलाय? शुल्काबरोबर कंपनीत वाटाही मागणार आहेत का? यातल्या एकाही प्रश्नाला गोल गोल उत्तर आलं तर भरू नये.

आणि त्याचा धंदा चार पेठांतल्या दुकानांपुरता राहणार असेल, तरी त्यात कमीपणा काहीच नाही. पण मग त्याला स्टार्टअप स्कूलचा किंवा कुठल्याच स्टार्टअपच्या वर्गाचा फारसा उपयोग नाही. तिथलं सगळं शिक्षण झपाट्याने वाढण्यासाठी आहे. छोट्या व्यवसायासाठी पुण्याची 'दे आसरा' संस्था आहे, तिच्याशी मराठीत बोलता येतं. स्टार्टअप म्हणूनच जायचं असेल तर केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडियाचं 'मार्ग' हे मार्गदर्शक जोडून देणारं व्यासपीठ २०२३ पासून आहे, तेही पाहता येईल.

त्याआधी मात्र त्याने मिजिकॉव्स्कींचे ते पाच प्रश्न घेऊन आठ-दहा यंत्रमागधारकांना भेटावं. निदान निम्मे तरी खर्चीवाले, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे, असावेत, कारण माग बंद पडला की सगळ्यात आधी त्यांचीच मजुरी बुडते. जॉबरांनाही, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिरांनाही, विचारायला सांगा: शेवटचा माग थांबला तेव्हा सुटा भाग आणायला कोण पळालं, कुठल्या दुकानात, आणि उधारी कुणाच्या नावावर लिहिली? उत्तरं वहीत उतरवून गुरुवारी आमच्या गटात घेऊन या म्हणावं. कॉलचा दुवा मी तुम्हाला पाठवतो. साठ हजार तोवर बँकेतच राहू देत.