माझ्या वाटणीची कॉफी

परवा आमच्या सोलापुरात नवी पेठेतल्या एका उडप्याकडे एका परक्या गृहस्थानं माझी कॉफी माझ्यादेखत पिऊन टाकली. माझ्या हृदयाच्या काळजीपोटी. बिल मी दिलं. अजूनही ते आठवलं की ठोके चुकतात, आणि त्यात कॉफीचा काडीचा हात नाही, कारण ती मला मिळालीच नाही.

मागचं पुढचं थोडक्यात सांगतो. माझ्या हृदयाचा ताल मधूनच बिघडतो. एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरचे दोन कप्पे नीट आकुंचन पावायचं सोडून नुसते थरथरत बसतात. त्यासाठी रक्त पातळ ठेवायची एक गोळी, ठोके आवरायची दुसरी, आणि खाली डॉक्टरांनी लिहिलंय : 'कॉफी चालेल, दिवसाला एक, दुपारनंतर नाही.' ही ओळ मला वाचता येते. डॉक्टरांनी ती मुद्दाम वाचता येईल अशी लिहिली असणार.

दुपारनंतर का नाही, तेही त्यांनी सांगितलं होतं. कॉफीतलं तरतरी आणणारं द्रव्य म्हणजे कॅफिन. पोटात गेलेलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास जातात. संध्याकाळी घेतली की झोप उडते, आणि झोप उडाली की ताल बिघडायला निमित्त मिळतं. माझी ॲडेनोसिन नावाचं औषध देऊन करायची हृदयाची तपासणी होती, तेव्हा आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट सगळं बंद होतं, कारण ॲडेनोसिननं जिथं जाऊन बसायचं ती जागा कॅफिन आधीच अडवून ठेवतं. सांगायचा मुद्दा, मनाई करायची तेव्हा डॉक्टर बरोबर मनाई करतात. ज्यांना कॉफीनं धडधडतं त्यांना ते ती साफ बंद करतात. मला नाही धडधडत. मला परवानगी आहे, लेखी.

मग घरीच का घेत नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरी कॉफी करतात ती अशी : पातेलंभर दूध, मूठभर साखर, वर जायफळ, आणि शेवटी कॉफी, चिमटीत मावेल एवढी. ती कॉफी नसते, कॉफीची बातमी असते. आमच्याकडे रोजचा तो चहा. कॉफी निघायची एकादशीला नाहीतर पाहुणे आले की. पंढरपूर इतकं जवळ, एकादश्याही कडक व्हायच्या. त्यामुळे उपवासाला चालणारा पदार्थ हृदयाला का चालू नये, हे मला लहानपणापासूनच्या संस्कारांमुळे पटत नाही.

तर उडप्याकडे गेलो, हाफ कॉफी सांगितली, आणि सकाळची गोळी राहिली होती म्हणून पाकीट टेबलावर काढून ठेवलं. समोरच्या खुर्चीवर टोपीवाले एक गृहस्थ मिरचीभजी खात होते. भज्यांवर वरून मीठ भुरभुरत होते. त्यांनी तेलकट बोटानं माझं पाकीट स्वतःकडे वळवलं आणि नाव वाचलं.

"ओ मालक, ही गोळी तुमची?"

"हो."

"रक्त पातळ करायची ना?"

"हो."

"आमच्या व्याह्यांना हीच होती."

मला तो 'होती' आवडला नाही. तरी विचारलं, "कसे आहेत आता?"

"कुठले कसे! वारले की."

"अरेरे. हृदयाचंच?"

"न्हाई वो. ट्रॅक्टर पलटी झाला, होटगीच्या पुढं. पण गोळी चालू होती."

एवढ्यात पोऱ्यानं माझा स्टीलचा पेला आणून ठेवला. वर फेस, वाफ, वास. मी हात पुढे केला, तर त्या गृहस्थांनी पेल्यावर पंजा ठेवला. पेला गरम होता. त्यांचा हात भाजला. त्यांनी तो काढला आणि दुसरा ठेवला. पहारा काही सोडला नाही.

"कॉफी प्यायलाव व्हय? हार्टवाल्याला कॉफी म्हंजे इख."

मी डॉक्टरांच्या परवानगीचं सांगितलं. डॉक्टर असंच बोलत्यात, पेशंट टिकवायचा असतो, असं उत्तर आलं. पेशंट टिकवायचा असतो, हेच तर आम्हा दोघांचंही म्हणणं आहे, पण ते जाऊ द्या.

मग मी माझं राखून ठेवलेलं अस्त्र काढलं. मुलानं मला 2025 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या एका चाचणीची माहिती पाठवली होती, अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातली. माझ्याच दुखण्याचे 200 रुग्ण. अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातले. विजेचा झटका देऊन ताल जागेवर आणायचा, मग निम्म्यांनी रोज किमान एक कप कॉफी घ्यायची आणि निम्म्यांनी कॅफिनला शिवायचं नाही. सहा महिन्यांत न पिणाऱ्यांपैकी 64 टक्क्यांचा ताल पुन्हा बिघडला, पिणाऱ्यांपैकी 47 टक्क्यांचा. चाचणीचं नाव मात्र 'डीकॅफ', म्हणजे कॅफिन काढून टाकलेली कॉफी. हे सगळं मी मराठीत, आकडे सावकाश उच्चारून सांगितलं. गृहस्थांनी भजं चावता चावता नीट ऐकून घेतलं.

"त्यात सोलापूरचे किती होते?"

"एकही नाही."

"मग?"

याला काय उत्तर द्यायचं? तुम्हीच सांगा.

"तिथं थंडी असती मालक. कॉफी अंगात जिरती. हितं उन्हाळ्यात बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री. हितं ती डायरेक्ट हार्टवर येती." मग आवाज खाली आणून, "जपानमधी काय झालं म्हाईत हाय का? दोन कप पिले की खलास."

आता हे जपानचं प्रकरण मला माहीत होतं, हीच तर पंचाईत. ते संशोधन 2022 मध्ये आलं. ज्यांचा रक्तदाब 160 वर 100 किंवा त्याहून जास्त आहे, त्यांनी रोज दोन किंवा जास्त कप कॉफी घेतली तर हृदयविकार आणि पक्षाघातानं मरायचा धोका न पिणाऱ्यांच्या दुप्पट दिसला. एका कपाला तसं काही आढळलं नाही. माझं प्रेशर गोळ्यांच्या कृपेनं 126 वर 80, आणि समोर कप एक, तोही हाफ. हे सांगितलं.

"प्रेशरचं काय, आज हाय उद्या न्हाई," ते म्हणाले, आणि माझं मनगट धरलं.

विचारलं नाही, सवरलं नाही, मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे डोळे लावून ओठ हलवायला लागले. शेजारच्या टेबलावरचं जोडपं इडली थांबवून बघायला लागलं. पोऱ्या ओली फडकी घेऊन तिथंच उभा. कुणीतरी पंखा वाढवायला सांगितला. बऱ्याच वेळानं निकाल लागला.

"बहात्तर. सध्या."

भिंतीवरचं घड्याळ बंद होतं. सव्वासातला. मी ते दाखवून दिलं, तर म्हणाले, सेकंदकाट्याचा अंदाज असतोय आपल्याला.

खरं सांगायचं तर माझा राग इथं आला. ताल बिघडलेल्या माणसाच्या नाडीवर भर हॉटेलात बोटं ठेवून बोली लावल्यासारखा आकडा पुकारायचा! आणि हा एकटाच नाही. एकदा का तुमच्या छातीला दुखण्याचं नाव चिकटलं, की तुमचं हृदय सार्वजनिक मालमत्ता होतं. सात रस्त्याला रिक्षावाला विचारतो, जिन्यात शेजारी विचारतो. लग्नात ताटावर बसलो की पलीकडच्या पंगतीतून 'त्यांना गोड नको' अशी हाक येते. मला मधुमेह नाही! पण मीठ कोण मोजतं? शेंगाचटणी मला वाढताना कुणाचा हात आखडत नाही, ती तर आपल्या गावची. आणि उजनीचं पाणी चार-पाच दिवसांनी एकदाचं आलं की पिंप भरायला, कळशी उचलायला, मोटर आपटायला मीच लागतो. रात्री अडीचला पाणी आलं तरी. त्या वेळी माझ्या हृदयाची आठवण घरात, गल्लीत, महापालिकेत कुणालाही होत नाही. झोपमोड चालते, कॉफी चालत नाही.

त्या गृहस्थांच्या खिशातून तेवढ्यात तंबाखूची पुडी डोकावली. मी म्हटलं, "आणि हे? हे हृदयाला चालतं?"

"ती सवयीची हाय," ते म्हणाले.

गल्ल्यावरचे अण्णा इतका वेळ सुटे मोजत होते. त्यांनी मान वर न करता निकाल दिला, "बेड री, कॉफी बेड. हालु तगोळ्री." सोलापुरात हे समजायला कानडी यावं लागत नाही. कॉफी नको, दूध घ्या.

दंतकथा अशी आहे की बाबा बुदान येमेनमधल्या मोखाहून कॉफीच्या सात बिया कमरेला लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या लावल्या. सतराव्या शतकात, समुद्र ओलांडून, पहारेकऱ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकून! आणि मला टेबलावरून तोंडापर्यंत एक हाफ नेता येईना.

कॉफी तोवर कोमट झाली होती. पंजा अजून पेल्यावरच. मग त्या गृहस्थांनी पेल्याकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "वाया कशाला घालवायची? अन्न हाय ते."

आणि त्यांनी ती घेतली. पेल्याखालच्या वाटीत, म्हणजे डबऱ्यात ओतली, पेल्यात ओतली, पुन्हा डबऱ्यात, हात चांगला खांद्यापर्यंत उचलून. माझी फेसाळ, माझ्या परवानगीची कॉफी. एक घोट घेतला, जीभ टाळ्याला लावली, तोंड वाकडं केलं.

"यात कॉफी कुठाय वो? निस्ती चिकोरी हाय!"

आता बघा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असली की कायद्याला पुरतं. उरलेली 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी हे एक मूळ, त्यात कॅफिन नसतं. म्हणजे ज्याला मघापासून इख म्हणत होते त्यात निम्मं इख नव्हतंच, हे त्यांनी स्वतःच्या तोंडानं, माझी कॉफी स्वतःच्या तोंडात असताना सांगितलं. पेला मात्र रिकामा करूनच ठेवला.

"येतो मालक. जपून ऱ्हावा." भज्यांचे पैसे त्यांनी दिले. तेवढे ते प्रामाणिक.

मी पोऱ्याला दुसरी हाफ सांगितली. पोऱ्यानं गल्ल्याकडे बघितलं. गल्ल्यावरून नुसता हात हलला. थोड्या वेळानं माझ्यासमोर दुधाचा पेला आला, साखर घातलेला, आणि मागोमाग बिल : एक कॉफी, एक दूध. मी अण्णांना म्हटलं, कॉफी मी प्यायलो नाही. अण्णा म्हणाले, ऑर्डर तुमची होती. कायद्यानं ते बरोबरच.

घरी पोचेपर्यंत साडेबारा वाजले होते. म्हणजे दुपार. म्हणजे संपलं.

"अहो, कॉफी झाली का?" हिनं विचारलं.

"नाही. उद्या दोन घेईन."

"दोन कशा?"

"आजची शिल्लक आहे."

मी जिल्हा परिषदेत आस्थापना विभागात होतो. नोकरीभर लोकांचे रजेचे अर्ज बघितले. हिला ते सगळं ऐकून ऐकून पाठ झालेलं.

"ती अर्जित रजा नव्हे साठवायला," ही म्हणाली. "किरकोळ आहे. वापरली नाही की गेली."

हेच वाक्य मी किती मास्तरांच्या तोंडावर फेकलं असेल! मी काही बोललो नाही, पाकिटातलं बिल काढून टेबलावर ठेवलं. हिनं ते चष्मा लावून वाचलं.

"आणि हे दूध? घरात दूध नव्हतं?"