नुसती नोट तर टाकायचीय

सर म्हणाले, "अगं काही नाही, प्रत्येक स्क्रीनवर एक नोटचं बटन द्यायचंय, अर्ध्या दिवसाचं काम." आमच्याकडे अर्ध्या दिवसाचं काम दिवाळीपर्यंत चालतं हे मला रबाळेला नोकरीला लागल्यापासून माहितीये, तरी मी हो म्हणाले, कारण साडेसहाची ठाणे लोकल पकडायची होती.

आमचं सॉफ्टवेअर सोसायट्यांचं. मेंबर, फ्लॅट, बिल, पार्किंग, तक्रार, टँकर, भाडेकरू अशी सात टेबलं, आणि ऐरोलीच्या सेक्रेटरी काकांना यातल्या कशावरही शेरा मारता आला पाहिजे (त्यांचा मूळ छंदच तो). प्रत्येकाला वेगळं नोट टेबल द्यावं तर काकांनी आठवड्यात काय काय लिहिलं हे काढायला सात टेबलांची युनियन (सातांच्या ओळी एका यादीत जोडायच्या), एवढी युनियन आता एमआयडीसीत पण राहिली नाही.

मग एकाच टेबलात सात फॉरेन की (नोट कुठल्या टेबलातल्या कुठल्या ओळीची, हे बांधून ठेवणारे कॉलम) घातल्या, सहा रिकाम्या एक भरलेली, आणि नेमकी एकच भरावी म्हणून चेक कन्स्ट्रेंट, म्हणजे डेटाबेसला घातलेली अट. तरी दोन-दोन भरलेल्या ओळी येतायत! दिवसभर डोकं आपटल्यावर कळलं, आमचं डेटाबेस सॉफ्टवेअर मायएसक्यूएल 5.7, ते चेक वाचतं, एरर पण देत नाही, आणि सोडून देतं. मानायला लागलं 8.0.16 पासून. म्हणजे थेट सोसायटीची नोटीस वाचणारा मेंबर.

शेवटी सगळे करतात तेच केलं, रेकॉर्ड टाइप आणि रेकॉर्ड आयडी असे दोन कॉलम, विषय संपला. टिकलीसारखं, कपाळाला पण चिकटतं आणि बाथरूमच्या आरशाला पण. फक्त यात फॉरेन की लावता येत नाही, तिला एकच टेबल नावानिशी सांगावं लागतं, 'असेल तिथे बघ' चालत नाही.

मग एका भाडेकरूने घर सोडलं, काकांनी त्याचं रेकॉर्ड उडवलं, नोट तशीच राहिली (कॅस्केड, म्हणजे रेकॉर्डबरोबर नोट पण उडणं, कुठून होणार, फॉरेन की असेल तर ना), आणि त्याच रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला. 5.7 मधे पुढचा आयडी कुठला हे नुसतं मेमरीत असतं, रीस्टार्टनंतर ते टेबलातला सगळ्यात मोठा आयडी बघून एक मिळवतं. उडवलेला भाडेकरू नेमका शेवटचा. त्यामुळे त्याचा 212 नंबर सोमवारी एका रिटायर्ड शिक्षिकाबाईंना मिळाला आणि वॉचमनच्या टॅबवर त्यांच्या नावाखाली आलं, "रात्री दोनला पिऊन येतो, हुज्जत घालतो." काकांचा मला फोन, आवाज एकदम खाली, "बाई तशा वाटत नाहीत गं, पण कॉम्प्युटर म्हणतोय."

आता एक मायबाप टेबल केलंय. सातही जणांनी आधी तिथे नाव लावायचं, तिथला आयडी घेऊन मग आपापल्या टेबलात जायचं, आणि नोट त्या आयडीला बांधायची, खरीखुरी फॉरेन की लावून. इन्सर्ट दोनदा लिहावा लागतो म्हणून टीममधल्या नव्या पोराने नाक मुरडलं, मुरडू दे.

जुन्या नोट्स हलवताना 43 अनाथ निघाल्या. बहुतेक 'पैसे बाकी' छाप. एकीत फक्त एवढंच, "यांना अजून सांगितलेलं नाही." टाइप मेंबर, आयडी 88, आणि 88 तर कधीच उडालेला. काकांना विचारलं तर बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "राहू दे, डिलीट नको करूस."

राहू दे म्हणे. नव्या टेबलात मायबापाशिवाय एंट्रीच नाहीये काका, ठेवू कुठे?