चेहरा गोलात आणा

मामांना काचबिंदूमुळं दिसायचं बंद झालं त्याला आता आठ वर्षं झाली. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतात, शाळामास्तर म्हणून रिटायर झाले आणि फोन माझ्यापेक्षा फास्ट चालवतात, टॉकबॅक म्हणजे स्क्रीनवरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी फोनमधली सोय लावून, ते इतक्या स्पीडनं बोलत असतं की शेजारच्या माणसाला एक अक्षर कळत नाही. तर मध्यंतरी बँकेनं केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, मागितलं, घरबसल्या मोबाईलवर होतंय म्हणाले. मामांनी अॅप उघडलं, कॅमेरा चालू झाला आणि स्क्रीनवर अक्षरं आली, चेहरा गोलात आणा. कुठला गोल? ते अक्षर टॉकबॅकनं वाचलंच नाही आणि वाचलं असतं तरी गोल डावीकडं आहे का वर आहे हे कळणार कसं, जरा खाली घ्या, जरा लांब धरा असं सांगायची सोयच केलेली नव्हती. वीस मिनिटं फोन धरून बसले. शेवटी खालच्या झेरॉक्सवाल्या पोराला हाक मारली, त्यानं हनुवटीला धरून चेहरा गोलात बसवला. मला सांगताना हसत होते, "मी मीच हाय हे सांगायला दुसरा माणूस लागतोय बघ."

मी इंग्लंडात एका कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, वेबसाइटचं टेस्टिंग करतो, म्हणजे आंधळ्या माणसाला, हात न हलणाऱ्या माणसाला ती साइट वापरता येते का हे बघायचं माझं कामच आहे. त्यामुळं हा किस्सा मी शाळेच्या मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि सोबत सुप्रीम कोर्टाचा ३० एप्रिल २०२५ चा निकालही टाकला, ज्यात अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या लोकांना अॅप सांगतं तसे कॅमेऱ्यापुढं डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून केवायसी अडतं, अंधांचंही अडतं, हे ऐकून कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं आणि केवायसी सगळ्यांना जमेल असं करा म्हणून वीस निर्देश दिले. मला वाटलं लोक खूश होतील. पहिलाच रिप्लाय: "भावा, तिकडं बसून बरं सुचतंय, इथं आधी रस्त्यातले खड्डे बुजू देत." दुसरा म्हणाला, "झेरॉक्सवाला आला की नाही मदतीला? तुझ्या इंग्लंडात आला असता का कोण?"

खड्ड्याचं सोडा, खड्डे बुजवणारा आणि अॅप बनवणारा एकच माणूस नसतोय, त्यामुळं एक होईपर्यंत दुसरं थांबवायचं काही कारण नाही. पण दुसऱ्याचा प्रश्न मला दोन दिवस डोक्यात बसला. कारण खरंय, इथं कोणी आलं नसतं. माझ्या शेजारच्या म्हातारबाबांचं नाव मला चार वर्षांनी कळलं. कोल्हापुरात माणूस अडला की चारजण गोळा होतात, "काय झालं काका, द्या इकडं" म्हणतात, फॉर्म भरतात, वर चहा पाजतात. हे लई भारी आहे आणि मला ते रोज आठवतं.

फक्त त्या चांगुलपणाखाली काय झाकलं जातं तेही बघा की. मामांचा पिन त्या पोराला माहीत आहे. ओटीपी त्यालाच वाचून टाकायला लागतो, कारण मामा मेसेज उघडून परत अॅपमध्ये येईपर्यंत तीस सेकंदांचा टायमर संपलेला असतो. खात्यात किती आहेत हे पेठेत निम्म्या लोकांना माहीत असणार. पोरगं चांगलं आहे, म्हणून चाललंय. आणि बँकेच्या हिशोबात हे केवायसी 'यशस्वी' म्हणून पडलं, तिकडं कुणाला कळलंसुद्धा नाही की अॅप चालत नाही. आपल्याकडं माणसं सिस्टिमची चूक इतक्या मायेनं भरून काढतात की सिस्टिमला चूक कधी कळतच नाही.

इथं माणसं नाहीत म्हणून कायदा करावा लागला असं मी गमतीनं म्हणतो. २०१८ मध्ये ब्रिटननं सरकारी वेबसाइट आणि अॅपसाठी नियम केले, जुन्या साइटना सप्टेंबर २०२० पर्यंत मुदत दिली, अॅपना जून २०२१ पर्यंत. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट तांत्रिक नाहीच. प्रत्येक सरकारी साइटवर एक पान ठेवायला लागतं, त्यात काय चालत नाही ते लिहायचं. अमुक पीडीएफ स्क्रीन रीडरला (टॉकबॅकसारखं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचता येत नाहीत, नकाशाला वर्णन नाही, का नाही, आणि अडचण आली तर कुणाला सांगायचं. माझ्या नोकरीतला पहिला धक्का हाच होता, साहेबानं मला सांगितलं की आपल्या चुकांची यादी कर आणि जाहीर लाव. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो.

इथं सगळं सोनं आहे असंही नाही हां. खर्च फार होतोय म्हणून काही गोष्टी सोडायची पळवाट त्याच नियमात आहे, आणि थेट प्रक्षेपणाच्या व्हिडिओला तर कॅप्शनची सक्तीच नाही. कोविडच्या काळात खुद्द सरकारच्या दोन पत्रकार परिषदांना खुणांच्या भाषेचा दुभाषी नव्हता, एक कर्णबधिर बाई हायकोर्टात गेली आणि २०२१ मध्ये कोर्टानं हा भेदभाव आहे म्हणून सांगितलं. कौन्सिलच्या मीटिंग ऑनलाइन घ्यायची परवानगी इंग्लंडात मे २०२१ मध्ये संपली, त्यामुळं घरातून मीटिंगला बसणाऱ्या अपंग नगरसेवकाला परत हॉल गाठायला लागला. त्या मानानं आपल्या सुप्रीम कोर्टात सप्टेंबर २०२३ मध्ये एका कर्णबधिर वकीलबाईंनी ऑनलाइन सुनावणीत खुणांच्या भाषेच्या दुभाष्यामार्फत बाजू मांडली. म्हणजे मनावर घेतलं की जमतंय.

कायदा आपल्याकडं नाही का? आहे की. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात वेबसाइट, अॅप सगळं येतं. गोम नियमात होती. २००५ साली राजीव रतुरींनी दाखल केलेल्या याचिकेवर नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं, एकोणीस वर्षांनी, सांगितलं की या कायद्याखाली सरकारनं केलेला पंधरावा नियम नुसती शिफारस करतोय, कायद्याला पाहिजे सक्ती, तेव्हा तो नियम रद्द, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. शिफारस आणि सक्ती यातला फरक कोल्हापूरकराला तरी शिकवायला नको. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं तेव्हा पोरं शाळेत पाठवा अशी नुसती विनंती करून ते थांबले नाहीत, न पाठवणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. तेव्हाचा रुपया, कमी नव्हे.

आता ऑनलाइन कार्यक्रमांचं बघा. ३ डिसेंबरला, म्हणजे जागतिक दिव्यांग दिनालाच, दिव्यांगांच्या योजनांवर एक वेबिनार होता, कुणी घेतला ते राहू दे. निमंत्रण आलं ते फुलाफुलांची चौकट असलेलं चित्र, त्यातच लिंक आणि वेळ. टॉकबॅक म्हणतंय 'इमेज', बास. मामांनी मला पाठवलं, मी इंग्लंडातून वाचून परत कोल्हापूरला पाठवलं. वेबिनारमध्ये वक्ते म्हणतायत, "स्क्रीनवर हा तक्ता बघा, दुसऱ्या रकान्यातली रक्कम तुम्हाला मिळेल." कुठली रक्कम ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. ऐकू न येणारेही कोणी असतील तर त्यांच्यासाठी दुभाषी सोडा, चॅटमध्ये कुणी मुद्दे टाइप करत नव्हतं. शेवटी माहितीपत्रकाची पीडीएफ दिली, स्कॅन केलेली, वर शिक्का. दुसरी एक होती ती स्कॅन नव्हती पण जुन्या फॉन्टमधली, दिसायला सुंदर मराठी आणि आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, स्क्रीन रीडर ते वाचायला लागला की भूत बोलल्यासारखं वाटतं. हाच मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला असता तर एनव्हीडीए नावाच्या फुकटच्या स्क्रीन रीडरनंसुद्धा खडाखडा वाचला असता. एक रुपया खर्च नव्हता.

मामा वैतागून म्हणाले, ह्यापेक्षा खासबाग बरी. मला आधी कळेना. मग समजलं. ते अजूनही खासबागच्या कुस्तीच्या मैदानाला जातात, कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून, आणि त्यांची एक कुस्ती चुकत नाही, कारण निवेदक माईकवर सगळं सांगत असतो, लाल लांगेचा पैलवान आत शिरला, ढाक लावायला बघतोय, सुटला, आता घिस्सा! वर हलगी आहेच. तिथं लांब बसलेल्या, म्हाताऱ्या, न दिसणाऱ्या सगळ्यांची सोय एका माणसाच्या तोंडानं होते आणि त्याला कुणी सुगम्यता (सगळ्यांना वापरता येईल असं करणं) वगैरे नाव देत नाही. वेबिनारवाल्यांनी एक दिवस त्या निवेदकाकडं शिकवणी लावावी.

ग्रुपमधला एक मित्र एका निमसरकारी संस्थेची वेबसाइट सांभाळतो, त्यानं मला वेगळा मेसेज केला, चर्चा बास, मी काय करू ते सांग. मी तासभर त्याची साइट बघितली आणि इथल्यासारखं एक पान मराठीत लिहून पाठवलं. या साइटवरचा कॅप्चा (ओळखून टाइप करायची वाकडीतिकडी अक्षरं) ऐकता येत नाही. २०१९ आधीची सगळी परिपत्रकं स्कॅन आहेत. अर्ज अर्धा भरल्यावर साइट बाहेर काढते. अडचण आल्यास या नंबरवर फोन करा, नंबराची जागा मोकळी सोडली.

त्याचा रिप्लाय दुसऱ्या दिवशी आला. "कॅप्चाचं आज बघतो. पण हे पान साहेबांना दाखवलं तर साहेब पहिलं काय विचारतील सांगू? मग इतकी वर्षं तू काय करत होतास."