शेऱ्याचा बॉक्स वाढू द्यायचा की नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्देसूद आहे. म्हणून ‘धन्यवाद, विचार करतो’ असं लिहून न उरकता नीट उत्तर देतोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानांसाठी केलेल्या ॲपात ‘शेरा’ हा रकाना मजकुराबरोबर उंच होत जातो, असं मी लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं की हे नसते लाड आहेत. चार ओळींचा ठरलेला बॉक्स द्या, जास्त झालं तर आत सरकवून बघतील. वाढत्या बॉक्समुळं ‘जतन करा’चं बटण बोटाखालून पळतं. वाढवायचंच असेल तर अक्षरं मोजा, तीसनं भागा, येतील तेवढ्या ओळी द्या. नाहीतर फॉन्ट बारीक करा. स्वस्तातल्या फोनवर दर अक्षराला मोजमाप करत बसलात तर फोन गुडघे टेकेल. आणि वर, ‘यार्डात उभं राहून एवढं टाइप करतंय कोण?’

टाइप कोणी करत नाही हे खरंच. बोलतात. कीबोर्डवरचा माइक दाबायचा आणि एका दमात सांगून टाकायचं: ‘बावीस पोती उतरली, त्यातली तीन भिजकी, बाजूला लावलीत, भाडं शेतकऱ्यानंच दिलंय, पट्टी थोरल्या मुलाच्या नावानं करायची, पैसे शनिवारी न्यायला येणार.’ मध्यम आकाराच्या फोनवर, अक्षर जरा मोठं ठेवलेलं असेल तर, हे पाच-सहा ओळींत जातं. चार ओळींच्या बॉक्समध्ये यातलं दिसतं काय? शेपूट. ‘बावीस पोती’ कधीच वर सरकून गेलेली असतात. माइकनं बावीसचं बत्तीस ऐकलं असेल, तर ते जिथं दिसायला हवं तीच ओळ नजरेआड. पुढं हमाली, तोलाई, पट्टी (शेतकऱ्याच्या हिशेबाचा कागद) सगळं त्या आकड्याशी ताडून बघतात. माझा सगळा आग्रह एवढ्यासाठीच आहे: लिहिलेलं सगळं, जतन करायच्या आधी, बोट न लावता दिसलं पाहिजे.

‘आत सरकवून बघतील’ हे लॅपटॉपवर बसून लिहायला सोपं आहे. फॉर्म स्वतःच सरकणारा असतो. त्याच्या पोटात दुसरा सरकणारा बॉक्स ठेवला की अंगठा कुणासाठी फिरतोय हे फोनला कळत नाही. ॲन्ड्रॉइडवर स्क्रोलव्ह्यूच्या (सरकत्या पानाच्या) आत एडिटटेक्स्ट (लिहायचा बॉक्स) टाकून बघा. बॉक्समध्ये वर जायला जावं तर अख्खं पान सरकतं. त्यावर उपाय आहे, बाहेरच्याला ‘तू मधे पडू नकोस’ असं कोडमधून बजावता येतं. मग उलटं होतं, पान सरकवायला गेलेला अंगठा बॉक्समध्ये अडकतो. भिजक्या पोत्यांपाशी उभा असलेला दिवाणजी हे दोनदा करेल, तिसऱ्यांदा शेरा लिहायचंच सोडून देईल.

बटण पळतं, ही तक्रार मात्र शंभर टक्के रास्त. पण त्यासाठी बॉक्सचे हातपाय का बांधायचे? बटण शेऱ्याच्या खाली, त्याच सरकत्या पानात ठेवलं तर ते पळणारच. ते पानाच्या बाहेर, तळाच्या पट्टीत बसवा आणि ती पट्टी कीबोर्डच्या डोक्यावर चिकटवा. आयफोनवर आयओएस १५ पासून कीबोर्ड लेआउट गाइड, म्हणजे कीबोर्डची जागा सांगणारी अदृश्य चौकट, आहे. त्याला बांधलं की काम झालं. ॲन्ड्रॉइडवर कीबोर्डनं व्यापलेल्या जागेचं माप सिस्टीमच देते. मग बॉक्स दोन ओळींचा असो नाहीतर सात, बटण जागचं हलत नाही. व्हॉट्सॲपचा मेसेजचा बॉक्स असाच वरच्या अंगाला वाढतो आणि पाठवायचं बटण तळाशी राहतं. त्याबद्दल कुणाची कुरकुर मी तरी ऐकलेली नाही.

इथं माझा एक हेका सांगून ठेवतो, तो तुम्हाला पटेलच असं नाही. बॉक्स वाढताना लगेच वाढावा, पण मजकूर खोडला म्हणून लगेच आकसू नये. माणूस दोन शब्द खोडून नवे बोलणार असतो, तेवढ्यात सगळं खालीवर झालं की नजर सुटते. म्हणून वाढलेली उंची मी किमान उंची म्हणून धरून ठेवतो आणि रकान्यातून बाहेर पडल्यावरच सोडतो.

आता तीसनं भागायची गोष्ट. इंग्रजीत हा जुगाड बऱ्यापैकी चालून जातो, मराठीत पार फसतो. ‘स्त्री’ दिसायला एक अक्षर, पण युनिकोडमध्ये (संगणक अक्षरं ज्या संकेतांत साठवतो त्यात) तिचे सहा तुकडे मोजले जातात: स, हलन्त, त, हलन्त, र आणि ईकार. ‘घरभर’ चार तुकड्यांचा, आणि पडद्यावर ‘स्त्री’पेक्षा कितीतरी रुंद. मग भागाकार कशाचा करायचा? त्यात शब्द मधे तुटत नाहीत. पत्त्याच्या रकान्यात ‘मु. पो. रांजणी, ता. कवठेमहांकाळ’ लिहिलं की कवठेमहांकाळ ओळीच्या शेवटी मावत नाही, अख्खं खाली उतरतं आणि वर मोकळी जागा राहते. दिसणारी अक्षरं मोजलीत तर तुमचं गणित म्हणतं एक ओळ, पडद्यावर दोन. त्यातून वापरणाऱ्यानं फोनचं अक्षर मोठं केलेलं असेल (ॲन्ड्रॉइड १४ पासून ते दुपटीपर्यंत नेता येतं, आणि यार्डात चाळिशीवाले कमी नाहीत) तर तीसचा आकडाच निकालात निघतो.

उंचीचंही तसंच. ओळीची उंची ठरावीक पिक्सेल धरली की वरच्या मात्रा-अनुस्वाराला किंवा खालच्या उकाराला कात्री लागते. ‘चिठ्ठी’तला ठ्ठ, ‘गड्डे’मधला ड्ड ही एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं तर हमखास तळाला घासतात. आणखी एक बारकावा: रिकाम्या बॉक्समध्ये सूचना इंग्रजीत असेल, तर पहिलं मराठी अक्षर पडताच बॉक्स किंचित उसळतो, कारण देवनागरी फॉन्टची ओळ उंच असते. ॲन्ड्रॉइड १५ मध्ये याची दखल घेतली आहे, भाषेला साजेशी किमान ओळ-उंची तिथं आधीपासून राखून ठेवता येते. जुन्या फोनसाठी सोपी युक्ती म्हणजे सूचनाच मराठीत लिहा.

म्हणून मोजायचं काम आपण करायचंच नाही. ज्या यंत्रणेला मजकूर मांडायचाय तिलाच विचारायचं. ॲन्ड्रॉइडवर उंचीला रॅप कंटेंट (मजकुराएवढी उंची), इनपुट प्रकार अनेक-ओळी आणि मॅक्सलाइन्स (जास्तीत जास्त ओळी), एवढ्यावर भागतं. आयफोनवर यूआयटेक्स्टव्ह्यूचं (तिथल्या अनेक ओळी लिहायच्या बॉक्सचं) स्क्रोलिंग बंद केलं की तो आपली खरी उंची स्वतः सांगतो. कमाल उंची गाठली की स्क्रोलिंग चालू करायचं, पण त्याच वेळी उंचीचं बंधनही घालायचं, नाहीतर बॉक्स चपटा होऊन बसतो. स्विफ्टयूआयमध्ये (ॲपलच्या नव्या पडदे-बांधणीच्या साधनात) आयओएस १६ पासून टेक्स्टफील्डला उभा अक्ष (उभं वाढायची मुभा) आणि ओळींची मर्यादा दिली की झालं. फ्लटरमध्ये (दोन्ही फोनांसाठी एकच कोड लिहायच्या गूगलच्या साधनात) मिनलाइन्स, मॅक्सलाइन्स, म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्त ओळी.

फॉन्ट बारीक करण्यावर फार लिहीत नाही. ज्यानं सेटिंगमध्ये जाऊन अक्षर मोठं केलंय, त्याचंच अक्षर आपण परस्पर लहान करायचं? ॲन्ड्रॉइडचं आपोआप लहान होणारं अक्षर नुसता मजकूर दाखवायच्या जागी चालतं. लिहायच्या एडिटटेक्स्टला ते लागूच नाही.

फोन गुडघे टेकत नाही, आणि त्याला कारण आहे. ॲन्ड्रॉइड लिहायच्या मजकुराची मांडणी दर अक्षराला पहिल्यापासून करत नाही, बदललेला भागच पुन्हा मांडतो. मग आताची उंची आणि हवी ती उंची ताडून पाहतो, आणि फरक असला तरच बाकीच्या पडद्याला पुन्हा बसायला सांगतो. म्हणजे जड काम होतं ते नवी ओळ सुरू होताना. टाइप करताना फोन अडखळत असेल, तर बहुतेक वेळा दर अक्षराला डेटाबेसमध्ये जतन करणारा किंवा अख्खा पडदा नव्यानं रंगवणारा कोड सापडतो. आधी तिकडं बघा.

मर्यादा हवी, यावर मात्र आपलं एकमत आहे. अमर्याद वाढणारा बॉक्स मीही देत नाही. बटणाची पट्टी आणि कीबोर्ड सोडून जी जागा उरते, तिच्या निम्म्यापर्यंत तो वाढतो, मग आत सरकतो. आकडा ओळींत न ठरवता उरलेल्या जागेवर ठरवलाय, कारण छोटा फोन आणि मोठं अक्षर एकत्र आलं की सात ओळींत पडदा संपतो. आणि पोती, वजन, दर हे रकाने अजिबात वाढत नाहीत. तिथं वजनाच्या जागी कुणी गोष्ट सांगू लागलं तर बॉक्सनं त्याला जागा करून द्यायची नाही, चूक दाखवायची.

तुमच्या चार ओळींच्या फॉर्मवर एकदा मराठी माइकनं वरचा हळदीचा शेरा बोलून बघा, फोनचं अक्षर सगळ्यात मोठं ठेवून. काय दिसतंय ते इथंच खाली लिहा.