खुलासा: आरोपी क्लोरोफॉर्म नव्हे

‘नळाच्या पाण्यात क्लोरोफॉर्म असतो आणि तोच जनुकं बिघडवतो’ असा मेसेज फिरतोय. पहिला भाग खरा. कुजलेल्या पाल्यापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरोफॉर्म तयार होतो. दुसऱ्या भागात आरोपी चुकलाय.

एखादा पदार्थ जनुकं बिघडवतो का, हे पाहायच्या एम्स चाचणीत हिस्टिडिन हे वाढीला लागणारं अमिनो आम्ल बनवू न शकणारे साल्मोनेला जंतू वापरतात. उत्परिवर्तन (जनुकात बदल) होऊन ती क्षमता परत आली तरच बशीत त्यांच्या वसाहती वाढतात. क्लोरोफॉर्म घातला तर बशी जवळपास तशीच राहते. खरा आरोपी ‘एमएक्स’, म्हणजे क्लोरीनमुळेच पाण्यात तयार होणारं दुसरं एक संयुग. ते घातलं की वसाहतींची नुसती दाटी! आणि पाण्यात तर ते लिटरमागे नॅनोग्रॅममध्येच सापडतं. १९८० च्या दशकात फिनलंडमधल्या नळाच्या पाण्याच्या उत्परिवर्तकतेत त्याचा वाटा मोठा निघाला.

सगळी मेख रचनेत आहे. एमएक्स म्हणजे पाच अणूंचं कडं, रसायनशास्त्रात त्याला फ्युरॅनोन म्हणतात. त्यातल्या दुहेरी बंधाच्या एका कार्बनवर क्लोरीन, दुसऱ्यावर दोन क्लोरीन असलेला गट. यातला एखादा क्लोरीन काढून हायड्रोजन बसवला, तरी ताकद कित्येक पटींनी घसरते.

क्लोरोफॉर्म अगदीच साळसूद नाही. मोठ्या मात्रेत तो उंदरांचं यकृत बिघडवतो, पण पेशी मारून. ती वाट वेगळी.