माझी गाडी, आणि मीच बाहेर

गाड्यांचं लॉकिंग ठरवणाऱ्या इंजिनिअरांना एकदा मे महिन्यात, भर दुपारी, नरसोबाच्या वाडीच्या पार्किंगमध्ये अनवाणी उभं करायला पाहिजे. अनवाणी अशासाठी, की दर्शनाला जाताना चपला गाडीत ठेवतात. आणि दर्शनाहून आल्यावर गाडी म्हणते, तुम्ही कोण?

झालं काय, तर रिमोटनं गाडी अनलॉक केली. डिकी उघडली, आईच्या हातातली पेढ्या-बासुंदीची पिशवी आत ठेवली, पिशवीशेजारी चावी ठेवली, डिकी लावली आणि आईला हात धरून दारापाशी आणलं. तेवढ्यात खट्! चारही दारं बंद.

हा बिघाड नाही म्हणे, सोय आहे. रिमोट खिशात चुकून दाबला जाऊन गाडी उघडी राहू नये, म्हणून अनलॉक केल्यावर साधारण अर्ध्या मिनिटात एकही दार उघडलं नाही तर ती आपणहून पुन्हा लॉक होते. ठीक आहे, पटलं. पण डिकी उघडली की नाही मी? माझ्या गाडीच्या लेखी डिकी हे दारच नाही! सत्तरीच्या बाईला चार पावलं चालायला किती वेळ लागतो, हे कुणी मोजलं होतं का?

बरं, चावी आत राहिलीय हे ओळखणं अशक्य आहे का? अजिबात नाही. बटण दाबून सुरू होणाऱ्या बऱ्याच गाड्या चावी आत असेल तर बोंबलतात, लॉकच होत नाहीत. म्हणजे अक्कल आहे, फक्त ती वरच्या मॉडेलला विकायला ठेवलीय. माझ्या मॉडेलला काय दिलं? गाणी लावायला भलामोठा टचस्क्रीन. १ जुलै २०१९ पासून सरकारनं सीटबेल्टची पिपाणी, ८० च्या वर गेलं की वाजणारी पिपाणी आणि रिव्हर्सची पिपाणी सक्तीची केली. लॉक अडकलं तर आतल्या माणसाला हातानं दार उघडून बाहेर पडता यावं, हेही त्याच नियमांत आहे. बाहेरच्याचं काय? त्यानं उन्हात नाचायचं!

फोन गाडीतच, चार्जिंगला लावलेला. हारवाल्या मावशींनी स्वतःचा फोन दिला, त्यांचं भलं होवो. हेल्पलाइनचा नंबर मागच्या काचेवर चिकटवलेला होता, तेवढं नशीब. आधी हिंदीत जाहिरात ऐकली, मग गाणं ऐकलं, मग बाई आल्या. “सर, आपके रजिस्टर्ड मोबाइल पे ओटीपी आया होगा.” आला ना! काचेतून दिसत होता, स्क्रीन लखलखत होता. मी म्हटलं, बाई, तो फोन गाडीत आहे आणि गाडी बंद आहे, म्हणूनच तुम्हाला फोन केलाय. “सर, बिना ओटीपी के रिक्वेस्ट रेज नहीं होगी.” मग आरसीचा फोटो मागितला. आरसी कुठे असते? गाडीत!

एव्हाना गर्दी जमली होती आणि प्रत्येकजण मेकॅनिक झाला होता. एक काका म्हणाले, “पट्टी घाला की पट्टी, आमची ओम्नी मी कायम पट्टीनंच उघडायचो.” काका, ती ओम्नी होती. आताच्या दारात वायरी असतात, काही गाड्यांत एअरबॅगचे सेन्सर असतात, पट्टी खुपसली की हजारांत बिल. एक पोरगा म्हणाला, घरच्याला दुसरी चावी फोनजवळ धरून दाबायला सांगा. अरे बाबा, रिमोट रेडिओलहरींवर चालतो, फोनमधून आवाज जातो फक्त! तिसरा म्हणे, मागची छोटी काच फोडा, स्वस्त पडते. ती बऱ्याच गाड्यांत चिकटवलेली असते आणि कित्येकदा दाराच्या काचेपेक्षा महाग पडते. चौथा तर प्रसादाचा नारळच घेऊन पुढं आला. “हाणू का, दादा? दत्त महाराज बघून घेतील.” नारळ महाराजांचा, काच माझी!

दुसरी चावी कोल्हापुरात, कपाटात. मुलाला फोन करायचा, तर मला त्याचा नंबर पाठ नाही. आजकाल कुणाला असतो?

शेवटी मावशींच्याच ओळखीनं जयसिंगपूरहून चावीवाला आला. दाराच्या फटीत हवेची छोटी पिशवी सरकवली, पंपानं फुगवली, फटीतून सळई घातली आणि आतलं बटण दाबलं. माझं पाणी पिऊन होईपर्यंत दार उघडलं. हजार रुपये घेतले, देताना मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही. या सगळ्यात काम येणारा तो एकटाच माणूस. ओटीपी मागितला नाही त्यानं!

पायाला फोड, आईला उन्हाचा त्रास, बासुंदी नासलेली. रात्री घरी पोहोचल्यावर हेल्पलाइनचा फोन. “सर, आपकी रिक्वेस्ट क्लोज कर दी गई है. प्लीज दस में से दस दीजिएगा.”

दहा म्हणे! ती रिक्वेस्ट तुम्ही उघडलीच कुठं होती, की बंद करताय?